चौथा टप्पा

शमशोद्दीन सर रात्री दहाला फोन करतात.
तेहतीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी, मलाही.
मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी,
छडीच्या टोकानं वाहायला लावल्या भिंतीवर.
आता गुडघे गेलेत,
तर बसल्या जागी आपलं इंटरनेट कुठून कुठं जातं
ते वहीत उतरवतात.

"पहिला टप्पा माझ्या कपाटावरचा डबा.
दुसरा दहानं सुरू होतो, तिसराही दहानं.
चौथ्याला नुसते तीन तारे.
कोण राहतंय रे तिथं?"

मी सांगत नाही लगेच.
उदगिरात मोंढ्यामागं, टायरच्या दुकानावर आमची खोली.
एसीचं पाणी बादलीत, हिरवे दिवे,
आणि बस्वराजनं भिंतीला डकवलेला कागद,
त्यावर गावाचे आतले पत्ते:
दहा, अठरा, सहा, त्रेचाळीस – शमशोद्दीन सर.
दहा, अठरा, सहा, चव्वेचाळीस – कुलसुमबी, शिलाईवाली.
वेशीच्या आतच चालतात हे.
"गिरणीवाल्या सखूचा थोरला" म्हटलं
की इथं शेंबडं पोरही घर दाखवतं,
लातूरच्या स्टँडवर कुणी मानसुद्धा वळवत नाही.

बाहेर चौदाशे घरांना मिळून एकच नंबर.
जग त्या नंबराला उत्तर देतं,
आमचं यंत्र दारात उभं राहून ज्याचं त्याला वाटतं.
बाहेरून मात्र सरांना
आपणहून कुणी हाक मारू शकत नाही.
हे सांगितलं तेव्हा म्हणाले,
"रिटायर झाल्यापासून तसंच आहे."

येळवशीला गाव रानात गेलं.
पडद्यावरचा आलेख दुपारी आडवा झाला,
दर साली होतो, कुणी घाबरत नाही.
मी कडब्याच्या कोपीपाशी, भज्जीनं बोटं माखलेली,
आंबिलीचा बिंदगा अर्धा.
फोन.

"आज सगळं नांदेडवरून चाललंय बघ."
"कशावरून, सर?"
"तारे गेले. दोन नवे दहावाले आलेत.
अकरा मिलीसेकंदांच्या जागी अडतीस.
एवढा वळसा म्हणजे देगलूरवरून.
दुसरा रस्ता आहेच कुठं आपल्याला?"

नळेगावच्या पुलाशी जेसीबीनं फायबर उचकटली होती.
चालवणारा झारखंडचा पोरगा,
त्याला येळवस कुठली.
कुणाचा व्हिडिओ अडला नाही, कुणाची तक्रार नाही.
पाणी बांधाला तटावं आणि गुमान दुसऱ्या सरीत शिरावं
तसं वळलं होतं सगळं,
आणि चौदाशे घरांत एकट्यानं ते ओळखलं,
तेही गुडघे धरून.

दिवस मावळेपर्यंत खड्ड्यात बसलो.
केसाएवढी काच काचेला जोडायची,
मधे धुळीचा एक कण चालत नाही,
आणि वारा हरभऱ्यातून सरळ आमच्याकडं.
पोरानं आडोशाला स्वतःचा शर्ट धरला.
त्याला मी डब्यातलं धपाटं दिलं.
नाव विचारायचं राहून गेलं.

खोलीवर आलो, आणि बस्वराज चहाला गेलेला बघून
नळेगावच्या डब्यातली एक ओळ खोडली.
उत्तर देऊ नकोस, असं त्याला मीच बजावलं होतं,
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.

दहाला फोन.
"चौथा बोलला."
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"दहानंच सुरू होतो की रे.
आपलाच निघाला."

मार्चमध्ये हैदराबादहून मेल आला:
आतले पत्ते गिऱ्हाइकाला दिसता कामा नयेत.
ओळ परत घातली.
सरांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

परवा त्यांचा डबा बदलायला गेलो.
वही उघडीच होती टेबलावर.
चौथ्या ओळीत पुन्हा तीन तारे,
आणि त्यांच्यापुढं पेन्सिलीनं, बारीक,
नकाशात गाव भरायचे तसं:
नळेगाव.